आई जर्मनीला चालली आहे. ई-सिम टाकलं तर बँकेचा ओटीपी येईल का?

नमस्कार मंडळी. मी भुसावळची. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई पुढच्या आठवड्यात एकटीच जर्मनीला चालली आहे, चांगले ९० दिवस. वय ६४, विमानात पहिल्यांदाच बसणार. कळण्याचं पीठ, उडदाचे पापड सगळं बांधून झालं. अडलंय ते फोनचं.

मामा दुबईला गेले होते तेव्हा डेटा रोमिंग, म्हणजे परदेशातल्या नेटवर्कवरून आपल्या सिमचं इंटरनेट, चालूच राहिलं. खिशात फोन, आतल्या आत व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो उतरतायत, आणि घरी आल्यावर बिल हजारांत! म्हणून आईला युरोपचं ५ जीबीचं ई-सिम घेतलंय, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम. ती म्हणते, "जे हातात धरता येत नाही त्याचे पैसे कसले देतेस पोरी?"

*#०६# दाबून पाहिलं. आयएमईआयच्या (फोनच्या ओळख-नंबरच्या) खाली ईआयडी म्हणून ई-सिमचा ३२ आकडी ओळख-नंबर आला, म्हणजे फोनला चालेल. पण तिच्या पेन्शनच्या खात्याचा ओटीपी सध्याच्या नंबरवर येतो. तो नंबर बंद पडेल का? व्हॉट्सअ‍ॅप बदलेल का? आणि ई-सिम टाकायचा क्यूआर कोड तिच्याच फोनवर मेलने आलाय, तो स्कॅन कशाने करू? फ्रँकफर्टला उतरून तिला गोंधळायला होऊ नये, एवढीच काळजी आहे.

उत्तर: ताई, दोन्ही सिम एकदम चालू राहतात. ई-सिम फक्त डेटाचं असेल तर त्याला नंबरच नसतो. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर राहील, 'नंबर बदला' विचारलं तरी नाही म्हणा. ओटीपीसाठी जुन्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग इथेच सुरू करून घ्या. मग त्या सिमची लाइन चालू, डेटा रोमिंग बंद. ई-सिमचं डेटा रोमिंग मात्र चालू हवं. मेसेज यायला सहसा पैसे पडत नाहीत, पण आलेला कॉल उचलला की पडतात, हे आईंना आवर्जून सांगा. कोड तुमच्या फोनवर उघडा आणि त्यांच्या फोनने स्कॅन करा. घरच्या वायफायवरच उरका. नंतर ते ई-सिम चुकूनही डिलीट करू नका, बहुतेक कोड एकदाच चालतात.

मी: खूप आभार दादा. काल रात्री टाकलं. सेटिंगमध्ये एका सिमला 'घर' आणि दुसऱ्याला 'जर्मनी' नाव दिलं, बटणं तिच्याच हाताने चार वेळा दाबून घेतली. घरच्या सिमचं रिचार्ज ८४ दिवसांचं आहे, शेवटच्या ६ दिवसांचं मी इथून मारेन.