गिनीपिगचं कापडी अंथरूण कमी पाण्यात कसं धुवायचं?

लातूरची_आई
घरी दोन गिनीपिग आहेत, लेकीचा हट्ट. लाकडाचा भुसा टाकायचो पण तो घरभर होतो अन् धुळीनं त्यांना शिंका यायल्या, म्हणून थंडीतलं फ्लीसचं ब्लँकेट कापून अंथरलं तर मुतलेलं खाली उतरतच नाही, वरच थेंब राहायलेत अन् हे त्यातच बसायलेत. त्यात नळाचा नेम नाही, बोअरचं पाणी जड. मशीनला सासूबाई हात लावू देत नाहीत (बरोबरच आहे म्हणा, केस किती निघतात). काय करू?

नांदेडकर
ताई, नवं फ्लीस असंच करतं. गरम पाण्यात साबण लावून दोन-चारदा धुवा, सुगंधी कंडिशनर अजिबात नको, त्यानं धाग्यावर थर बसतो. मग चमचाभर पाणी सांडून बघा, पटकन खाली गेलं तर झालं. फ्लीस पाणी पीत नाही, नुसतं खाली सोडतं, पिणारा थर तुम्ही द्यायचा. जुनं धोतर, लुगडं, सुती चादर दुमडून खाली घाला अन् वाकळेसारखी टीप मारा. फ्लीसच्या कडेचे धागे सुटत नाहीत, कड दुमडायची गरज नाही. टॉवेल वरच्या अंगाला नको, फाशात नखं अडकतात.

परभणीची_पिंकी
रोज सगळं कशाला धुता? ही मंडळी जास्त करून गवताजवळ अन् कोपऱ्यातच घाण करतात, तिथं वेगळा छोटा तुकडा टाका अन् तेवढाच रोज बदला. लेंड्या रोज झाडून काढायच्या. धुण्याआधी केस सुक्यातच रबरी हातमोजा फिरवून काढा, ओले झाले की चिकटतात. मग उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधून मशीनला लावा, केस अभ्र्यातच राहतात, सासूबाईंना पत्ता लागत नाही 😄 लघवीत कॅल्शियम असतं, त्याचे पांढरे डाग पडतात, ते पांढऱ्या व्हिनेगरनं जातात. फक्त व्हिनेगर अन् ब्लीच एकत्र करू नका, विषारी गॅस होतो. शेवटचं खळबळलेलं पाणी संडासाला ठेवा. बाकी 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या गावाला मी काय शिकवणार!

बीडचा_बंटी
हॅमस्टरला चालतंय का हे? अन् घरट्याला कापूस टाकला तर? आमच्याकडं घरचाच आहे.

परभणीची_पिंकी
कापूस नको रे बाबा! तंतू पायाला गुंडाळतात, गिळला तर पोटात अडकतो. त्याला बिनवासाच्या टिश्यूचे तुकडे दे. हॅमस्टरला खोल उकरायला लागतं, नुसत्या फ्लीसवर भागत नाही.

लातूरची_आई
अभ्र्याची आयडिया भारी. पण उन्हाळ्यात फ्लीस गरम नाही व्हायचं का?

नांदेडकर
होतं थोडं. एका बाजूला शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, आपोआप त्यावर जाऊन पसरतात. आपल्याकडच्या चाळिशीच्या उन्हात त्यांना लवकर उष्माघात होतो, पिंजरा पत्र्याखाली ठेवू नका. अंथरूण मात्र कडक उन्हातच वाळवा, घंटाभरात खडखडीत होतंय.