भिंतीतल्या कोनाड्यात फिश टँकचा स्टँड कसा करावा?

प्रश्न

नमस्कार. चोपड्याला आमचे आजोबांच्या वेळचे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर आहे. मधल्या खोलीतल्या अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंतीत सागवानी कपाट होते, ते वाळवीमुळे काढावे लागले. आता तिथे जमिनीपासून ५ फूट उंच, ४ फूट ३ इंच रुंद आणि २१ इंच खोल असा कोनाडा मोकळा झाला आहे. तिथे ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच फिश टँक बसवावा, अशी मुलीची आणि माझीही फार इच्छा आहे. आमचे सुतार म्हणतात की दोन्ही बाजूंच्या भिंतींत आडवे वासे रोवून त्यांवर प्लाय टाकला की काम होईल आणि खालची जागाही मोकळी राहील. हे योग्य ठरेल का? खाली शहाबादी फरशी आहे आणि कोनाड्याची पाठ पश्चिमेकडे आहे. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद, भुसावळहून

दादा, वासे भिंतीत रोवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या मापाच्या टाकीत ९ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर पाणी मावते. १० मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला २५ किलो असते, त्या हिशेबाने काच ५० किलोंवर जाते. वाळू आणि दगड धरले की एकूण भार साडेतीनशे किलोंच्या घरात पोचतो आणि तो रात्रंदिवस तिथेच राहतो. मातीची भिंत वरून येणारे धाब्याचे ओझे उत्तम पेलते, पण वाशाच्या टोकाखाली एकाच जागी दाब आला की तिथली माती हळूहळू चुरते. एक बाजू थोडी जरी खचली तरी काचेला पीळ बसतो आणि सिलिकॉनचा सांधा सुटतो.

म्हणून स्टँड कोनाड्यात असावा, पण भार पूर्णपणे जमिनीवर जावा. ४० बाय ४० मिलिमीटरच्या, २ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा बाहेर वेल्डिंग करून घ्या, त्याला रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट लावा आणि मग आत सरकवा. पायांखाली ४ इंची चौरस पत्रे जोडा. त्याआधी फरशी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ती उचलून खाली काँक्रीट भरून घ्या, कारण आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर जमीन थोडी हलतेच. सांगाड्यावर १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणि त्यावर थर्माकोलचा एक थर द्या. पार्टिकल बोर्ड मात्र ओल लागताच फुगतो, तो नको.

जुन्या भिंती काटकोनात नसतात. कोनाड्याची रुंदी वर, मध्ये, खाली आणि पुढे-मागे मोजून सर्वांत कमी भरेल तीच खरी धरा. माझे मत असे की टाकी ४ ऐवजी साडेतीन फुटांची घ्यावी. पाणी ३० लिटरच कमी होते, पण दोन्ही बाजूंना साडेचार इंच मिळतात आणि हात घालून काच पुसता येते. स्टँड २६ इंचांचा ठेवलात तर टाकीच्या वर सुमारे १५ इंच उरतील. त्याहून कमी जागा ठेवू नका.

प्रतिसाद, जळगावहून

वरच्या मोकळ्या जागेचे महत्त्व मे महिन्यात कळते. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पश्चिमेची पाठ संध्याकाळी तापते आणि बंदिस्त कोनाड्यातली गरम हवा बाहेर पडत नाही. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना तो ७ च्या आसपास येतो. आपली हवा कोरडी असल्यामुळे पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी चांगले थंड होते, मात्र पंख्याला वर जागा हवी. उडालेल्या पाण्यामागे क्षार तसेच राहतात, म्हणून भर घालताना बोअरचे जड पाणी न वापरता आरओचे वापरावे.

विजेचा बोर्ड टाकीच्या बाजूला, पाण्याच्या पातळीहून वर घ्या, वायर खाली झोळ देऊन मग प्लगकडे न्या आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारे बटण) लावून घ्या. हवेचा पंप पाण्याहून खाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतले पाणी उलटे पंपात उतरते. पंप इन्व्हर्टरवर जोडता आला तर अधिक चांगले.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टाकी साडेतीन फुटांचीच सांगतो आणि सुताराऐवजी वेल्डरकडे जातो. खालच्या जागेला दारे लावावीत का?

प्रतिसाद, भुसावळहून

जाळीची लावा, म्हणजे ओल कोंडणार नाही. स्टँड आत बसला की गवंड्याकडच्या पाणीनळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारही कोपरे एका पातळीत आहेत का ते तपासा आणि फरक असेल तर थर्माकोलवर विसंबून न राहता पायांखाली लोखंडी पत्तर (पातळ पट्टी) सारा. टाकी आधी अंगणात सपाट जागी भरून दोन दिवस ठेवा. आत ठेवून भरल्यावर आठवडाभराने पातळी पुन्हा मोजा आणि मासे त्यानंतरच आणा.