विकत घेतलेला गेम सुरूच होत नाही, मग मी घेतलं ते काय?

सारीपाट

नमस्कार मंडळी. राज्य उभारायचं, सैन्य पोसायचं, शेजाऱ्यांशी तह करायचे, अशा धाटणीचा एक गेम काही वर्षांपूर्वी पूर्ण किंमत मोजून घेतला होता. ऑनलाइन कुणाशी कधी खेळलो नाही. एकट्याने, कामं आटोपल्यावर तासभर, एवढंच. परवा नवीन कॉम्प्युटरवर तो पुन्हा डाउनलोड केला. सगळा उतरला, पण सुरू केला की सर्व्हरशी संपर्क होत नसल्याची पाटी येते आणि बंद पडतो. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की या गेमची सेवा थांबवली आहे. माझ्या लायब्ररीत मात्र त्याचं नाव अजूनही आहे.

मला राग पैशांचा कमी आणि वेळेचा जास्त येतोय. त्या गेममध्ये मी उभारलेलं राज्य कुठे गेलं? हे कायद्यात बसतं का? सर्व्हरची तपासणी काढून टाकणारी एक फाइल नेटवर फिरते आहे, ती वापरली तर मी चोर ठरतो का? आणि यापुढे घ्यायचं तर कसं घ्यायचं? माझा भाऊ म्हणतो, डिस्क घे, डिस्क कुणी काढून नेत नाही. त्याचं बरोबर आहे का?

वाचनखूण

तुम्ही गेम नाही, लायसन्स घेतलं होतं. अटी मान्य करताना सगळेच न वाचता बटण दाबतात, पण त्यात हे स्पष्ट लिहिलेलं असतं. कंपनी सेवा बंद करू शकते. वाईट वाटतं, पण विषय तिथेच संपतो.

पडद्यामागची

लायसन्स होतं हे खरं, पण विषय तिथे संपत नाही. तीस वर्षांपूर्वी डिस्कवर मिळणाऱ्या गेमचंही लायसन्सच असायचं. फरक एवढाच की तेव्हा ते काढून घ्यायला कंपनीचा हात तुमच्या घरापर्यंत पोचत नव्हता. आता पोचतो. कायद्याची भाषा फारशी बदललेली नाही, यंत्रणा बदलली.

मी ऑनलाइन गेमच्या सर्व्हरवर काम करते. लॉगिन, कुणी काय विकत घेतलंय त्याची नोंद, सेव्ह म्हणजे खेळाडूची साठवलेली प्रगती, हे सगळं आमच्याकडे असतं. म्हणून सारीपाट, तुमच्या प्रश्नाकडे मी जरा वेगळ्या बाजूने बघते. गेम सुरू होताना कुणाला काय विचारतो, आणि उत्तर आलं नाही तर काय करतो? तुमच्या हातात काय उरतं ते यावर ठरतं.

काही गेम कुणालाच काही विचारत नाहीत. जीओजी हे दुकान २००८ पासून याच तत्त्वावर चालतं. तिथला इन्स्टॉलर उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवला की उद्या दुकान बंद पडलं तरी तो चालतो. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातही असे बरेच गेम आहेत, ज्यांचं फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर टाकलं तरी स्टीमशिवाय सुरू होतात. पण ते दुकानाच्या पानावर ठळकपणे लिहिलेलं नसतं, करूनच बघावं लागतं.

दुसरे गेम 'मी खरा आहे ना?' एवढं विचारतात. २००८ मध्ये स्पोर हा गेम आला तेव्हा तो फक्त ३ कॉम्प्युटरवर सुरू करता यायचा. लोक इतके चिडले की कंपनीला ती मर्यादा ५ करावी लागली. मार्च २०१० मध्ये असॅसिन्स क्रीड २ ची पीसी आवृत्ती आली, तिला एकट्याने खेळतानाही सतत इंटरनेट लागायचं. त्याच मार्चमध्ये तिच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे देऊन घेतलेले लोकच बाहेर राहिले. या प्रकारात गेम अख्खा तुमच्याकडे असतो. अडतं ते फक्त दाराशी.

तुमच्या भावाचं उत्तर इथेच देते. डिस्कने फारसं काही वाचत नाही. सेफडिस्क आणि सिक्युरॉमच्या काही आवृत्त्या ही जुन्या डिस्कवरची संरक्षणं विंडोजच्या आत खोलवर ड्रायव्हर बसवायची. सुरक्षेला धोका म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० ने त्यांना थारा देणं बंद केलं. अस्सल डिस्क, ओरखडा नाही, आणि गेम सुरू होत नाही. जीटीए ४ चं तर आणखी वेगळं. तो मायक्रोसॉफ्टच्या गेम्स फॉर विंडोज लाइव्हवर अवलंबून होता. ती सेवा मागे पडली, गेम सुरू करायला लागणाऱ्या नव्या ॲक्टिव्हेशन-की तयार होईनात, म्हणून जानेवारी २०२० मध्ये तो स्टीमवरून विक्रीतूनच काढावा लागला. दोन महिन्यांनी परत आला, पण मल्टिप्लेअर गमावून. गेम बनवणारी कंपनी जिवंत, विकणारं दुकान जिवंत, आणि मधल्या तिसऱ्याने हात काढून घेतला. निन्टेन्डोच्या स्विच २ साठी २०२५ पासून गेम-की कार्ड निघालीत. त्यात गेम नसतोच, तो नेटवरून उतरवायचा आणि शिवाय खेळताना कार्डही आत ठेवायचं. घ्यायच्या आधी पाकिटावरची सूचना वाचा, तिथे तसं छापलेलं असतं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त छळतो, कारण तो माझ्या कामाच्या जागेवर घडतो. इथे गेमचा अर्धा जीव सर्व्हरवर असतो. तुमच्या स्क्रीनवर फक्त चित्र उमटतं. शर्यत सुरू झाली का, बक्षीस किती मिळालं, गॅरेजमध्ये कुठली गाडी आहे, हे सगळं लांबचं मशीन ठरवतं. द क्रू हा गाड्यांच्या शर्यतींचा गेम तसा होता. डिसेंबर २०१४ मध्ये आला, ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. पाठोपाठ त्याच्या कंपनीने, युबिसॉफ्टने, लोकांच्या अकाउंटवरची लायसन्सही काढून घेतली. रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली ती याच प्रकरणावरून. युरोपियन नागरिकांच्या अधिकृत मागणीपत्रावर २०२५ मध्ये १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्यांची मागणी माफक आहे. सर्व्हर कायम चालवा असं ते म्हणत नाहीत. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच म्हणतात.

'तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे' हे उत्तर मला पटत नाही, कारण ते करून दाखवलेलं आहे. ग्रान टुरिस्मो स्पोर्टचे सर्व्हर ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाले, पण त्याआधी अपडेट देऊन सेव्ह खेळाडूच्या कन्सोलवर राहील अशी सोय केली गेली. नॉकआउट सिटी तर पूर्णपणे मल्टिप्लेअर. तो जून २०२३ मध्ये बंद करताना बनवणाऱ्यांनी स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी पीसी आवृत्ती लोकांना देऊन टाकली. सिमसिटी २०१३ मध्ये आला तेव्हा सर्व्हरशिवाय चालूच शकत नाही असं सांगितलं गेलं होतं. २०१४ मध्ये त्यालाही ऑफलाइन मोड आला.

अडचणी खऱ्या असतात, त्या लपवत नाही. सर्व्हरमध्ये भाड्याने घेतलेली सॉफ्टवेअर असतात, ती लोकांना वाटता येत नाहीत. दहा-बारा छोट्या सेवा एकमेकींशी बोलत असतात आणि त्यांतल्या निम्म्या कंपनीच्या दुसऱ्या गेमशीही जोडलेल्या असतात. शेवटच्या वर्षात गेमवर दोन माणसं उरतात, तीही अर्धा वेळ; मूळ कोड लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेलेले. अशा वेळी ऑफलाइन आवृत्ती मागितली तर ते खरंच महिनोन्‌महिन्यांचं काम होतं. पण पहिल्याच महिन्यात कुणी ठरवलं की सेव्ह कुठे लिहायचं आणि कुठून वाचायचं हा भाग वेगळा ठेवू, म्हणजे उद्या सर्व्हरऐवजी तुमच्या डिस्कवर लिहिता येईल, तर शेवटी होणारं काम फार थोडं. ते कुणी ठरवत नाही, कारण गेमच्या शेवटाची तारीख कुणाच्याच वेळापत्रकात नसते. कायदा हवा तो यासाठी.

आता कायद्याचं. १९९८ च्या अमेरिकन डीएमसीए कायद्याने डिजिटल कुलूप तोडणं हेच बेकायदेशीर ठरवलं, आतली वस्तू तुम्ही पैसे देऊन घेतलेली असली तरी. पण तिथल्या कॉपीराइट ऑफिसच्या शिफारशीवरून २०१५ मध्ये एक सूट मिळाली आणि पुढे तिचं नूतनीकरण झालं: कायदेशीररीत्या घेतलेला गेम, तपासणीचा सर्व्हर कंपनीने बंद केलेला, तर स्वतःच्या मशीनवर खेळण्यापुरती ती तपासणी काढायला हरकत नाही. तुमच्या प्रश्नाला हे अगदी लागू पडणारं आहे. दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवा. ते साधन वाटणाऱ्याला ही सूट नाही, आणि गेमचा मजकूरच सर्व्हरवर असेल तर ती लागू होत नाही. शिवाय हा एका देशाचा नियम. तुम्ही जिथे राहता तिथला कायदा वेगळा असू शकतो. चोर म्हणाल तर, पैसे मोजून घेतलेली गोष्ट स्वतः एकट्याने वापरणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. पण अनोळखी जागेवरून आलेली फाइल मुख्य कॉम्प्युटरवर चालवू नका. त्यात आणखी काय भरलंय ते तुम्हाला कळणार नाही.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानाला ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं की मिळतंय ते लायसन्स आहे. कायमचा ऑफलाइन वापरता येईल असा डाउनलोड देत असाल तरच त्यातून सुटका. स्टीमने तशी ओळ २०२४ मध्येच टाकली. त्याने तुमच्या हातात काही जास्त पडत नाही, फक्त आधी कळतं. पुन्हा विकण्याच्या हक्काचं म्हणाल तर पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये स्टीमविरुद्ध ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला होता, २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

दोनजणांचा_स्टुडिओ

पडद्यामागची, तुमचं बहुतेक पटतं. पण आम्ही दोघं मिळून गेम बनवतो, आमची बाजूही ऐका. एखाद्या गेमची बरीचशी कमाई पहिल्या काही आठवड्यांत होते. त्याच दिवसांत फुकट प्रत फिरू लागली तर पुढचा गेम बनवायला पैसे उरत नाहीत. डीआरएम, म्हणजे फुकट नकला रोखणारं संरक्षण, लावणारा प्रत्येक जण ग्राहकाच्या जिवावर उठलेला नसतो.

पडद्यामागची

हे मला मान्य आहे, आणि तुमच्यावर माझा राग नाही. पण मग संरक्षणही तेवढ्याच आठवड्यांपुरतं ठेवा. २०१६ च्या डूम या गेममध्ये डेनुवो नावाचं डीआरएम होतं, त्याच वर्षाच्या शेवटी एका अपडेटमध्ये ते काढून टाकलं. पहिली विक्री सांभाळली गेली, आणि आज तो गेम घेणाऱ्याच्या मानगुटीवर ते नाही. मला खटकतं ते विसरून जाणं. विक्री थांबली, काम करणारे पांगले, आणि तपासणी तशीच राहून गेली. रिलीजच्या यादीत 'डीआरएम काढायची तारीख' अशी एक ओळ आजच लिहून ठेवा, आणि जमलं तर गेमच्या पानावर जाहीर करा. मी तो गेम त्या ओळीसाठी घेईन.

दोनजणांचा_स्टुडिओ

आमचा पुढचा गेम तसाही एकट्याने खेळायचा आहे. तारीख लिहिणं अवघड नाही. आज जोडीदाराशी बोलतो.

सारीपाट

पडद्यामागची, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचं वाचून काल रात्री माझे उरलेले गेम तपासायला बसलो. इंटरनेट बंद केलं, स्टीमही बंद केलं आणि एकेक फोल्डरमधून थेट सुरू करून बघितला. बरेच चालले. काही स्टीम उघडायला लागले. दोन अजिबात हलले नाहीत, आणि त्यातला एक माझा सगळ्यात आवडता, ज्याला माझ्या माहितीप्रमाणे ऑनलाइन काही नाहीच. त्याचं काय करू? आणि जे चालले त्यांचं फोल्डर तेवढं उचलून ठेवलं तर पुरे ना?

पडद्यामागची

न हललेल्या गेमचं स्टीमवरचं पान उघडा. उजव्या बाजूला डेनुवो किंवा दुसऱ्या कंपनीचं अकाउंट लागत असल्याची सूचना आहे का बघा. असेल तर तोच गेम जीओजीवर मिळतो का तेही बघा. सवलतीत पुन्हा घ्यावा लागला तर जिवाला लागतं, मला कळतं, पण आवडता आहे म्हणताय म्हणून सुचवते. नसेल मिळत, तर कंपनीला आत्ताच विचारा की सर्व्हर बंद करताना काय करणार. सेवा चालू असताना विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारं कुणीतरी तिथे असतं. आणि असे प्रश्न किती आले याची मोजदाद आत होते, हे मी माझ्या कामावरून सांगते.

फोल्डर तेवढं पुरणार नाही. विंडोजवर सेव्ह बहुतेक वेळा गेमच्या फोल्डरमध्ये नसतं. डॉक्युमेंट्समध्ये, 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये किंवा 'ॲपडेटा' या फोल्डरमध्ये शोधा. तेही कॉपी करा, आणि कुठल्या गेमचं कुठून उचललं ते एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून शेजारी ठेवा. मग ती प्रत तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर, नेट न जोडता, एकदा चालवून बघा. तोवर तिला बॅकअप समजू नका.