तहात नागरिकाची मालमत्ता गेली, तर भरपाई सरकारने द्यायची का?

रानवारा: दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी झालेल्या १९५१च्या सॅन फ्रान्सिस्को तहाच्या १४व्या कलमाने दोस्त राष्ट्रांना आपल्या हद्दीतली जपान्यांची खासगी मालमत्ताही जप्त करायची मुभा दिली. कॅनडात मालमत्ता गमावून परतलेल्या जपान्यांनी आपल्याच सरकारवर दावा लावला: देशाची देणी आमच्या मालमत्तेतून भागवलीत, आता राज्यघटनेच्या २९व्या कलमाप्रमाणे रास्त मोबदला द्या. २७ नोव्हेंबर १९६८ला सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. म्हणे हे युद्धाचं नुकसान, सगळ्यांनीच सोसायचं. मला अजिबात पटत नाही. बॉम्ब कुठे पडणार हे जपान सरकारच्या हातात नव्हतं, तहावरची सही होती.

खडूस_वकील: कसली हातात? देश परक्या फौजांच्या ताब्यात होता, 'नाही' म्हणायची सोय होती का? शिवाय मालमत्ता घेतली कॅनडाने. टोकियोत घर जळालं त्याला छदाम नाही आणि परदेशातल्या घराला बाजारभाव, हा कुठला न्याय?

रानवारा: इटलीही हरलेलीच होती की! १९४७च्या तहाच्या ७९व्या कलमात, अशा नागरिकांना भरपाई इटली सरकारने द्यावी असं स्वच्छ लिहिलंय. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात जर्मनीकडूनही तेच कबूल करून घेतलं होतं.

खडूस_वकील: आणि १९२३मध्ये जर्मनीचं चलन मार्क मातीमोल झालं, त्याचं काय? कलम असून तिजोरीत खडखडाट. जपानच्या तहात तर ते कलमही नाही.

माई_कोथरूड: भाऊ, 'सगळ्यांनी सोसायचं' हेच मुळात खोटं आहे. माजी सैनिकांची निवृत्तिवेतनं १९५३मध्ये पुन्हा सुरू झाली. नागोयाच्या हवाई हल्ल्यात जायबंदी झालेल्या सामान्य माणसांना मात्र १९८७मध्ये त्याच न्यायालयाने रिकाम्या हाती घरी पाठवलं. बरं, भारताने १९५२च्या वेगळ्या तहात जपान्यांची इथली मालमत्ता परत करायचं मान्य केलं. म्हणजे मुंबईत गुंतवलेला वाचला, कॅनडात गुंतवलेला बुडाला!

खडूस_वकील: माई, आपल्याकडे तरी काय वेगळं? १९६५च्या युद्धात पाकिस्तानने भारतीयांची मालमत्ता जप्त केली. ती परत करण्यावर बोलू असं ताश्कंदला ठरलं, पुढे त्यांनी विकूनही टाकली. आपल्या सरकारने दाव्याच्या २५ टक्के दिले, तेही सानुग्रह. हक्क मानला असता तर पूर्ण द्यावे लागले असते. कुठलं सरकार असा पायंडा पाडेल?

रानवारा: म्हणूनच तो निर्णय सरकारच्या मर्जीवर नको. तह मंजुरीला येईल त्याच अधिवेशनात भरपाईचा कायदा करा. रक्कम कमी ठेवा, हप्ते पाडा, पण हक्क म्हणून द्या.