मदत हवी आहे: पितळी समईच्या आट्यांत मेण गेलंय

नमस्कार. आजीची समई आहे, तीन भागांत उघडणारी. दिवाळीत वीज गेली तेव्हा घाईत कोणीतरी तिच्या तेलाच्या वाटीत मेणबत्ती उभी केली आणि ती तिथेच जळून संपली. वाती ठेवायच्या पाचही खाचांत मेण घट्ट बसलंय. ते एक वेळ निघेल, पण मेण ओघळून वाटीखालच्या जोडात शिरलंय, जुन्या तेलाच्या चिकट्यात मिसळलंय आणि आता वरचा भाग फिरतच नाही.

सुरीने खरवडायला गेले तर बारीक ओरखडा उठला. पोटात अगदी चर्र झालं, लगेच थांबले. मेण साधारण ६० अंशांना वितळतं, म्हणून कढत पाणी ओतलं. वरचं सुटलं, पण पाणी गार होताच खाली पातळ थर होऊन पुन्हा चिकटलं.

हेअर ड्रायरने तापवून सुती कापडाने टिपलं तर? आट्यांत खोबरेल तेल सोडून रात्रभर ठेवू की थोडं रॉकेल चालेल? पक्कड लावायची हिंमत होत नाही, जुने आटे झिजलेत. मेण राहिलेलं असताना चिंच लावली तर पितळ ठिपक्याठिपक्यांनी उजळेल, म्हणून तीही बाजूला ठेवलीय.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी हीच समई लावायची आहे. कोणी स्वतः करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.