मलिद्यातल्या पोह्यांवर कोणती बेराखा (खाण्याआधी-नंतर म्हणायची ज्यू आशीर्वाद-प्रार्थना) म्हणायची?

घरी एलियाहू हनावीचा (संदेष्टा एलिया याच्या नावाचा, आम्हा बेने इस्राएल ज्यूंचा) मलिदा आहे. खजूर, केळी यांच्या बेराखा येतात, अडलंय ते पोह्यांवर. शुल्हान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात शिजून मऊ झालेल्या तांदळावर आधी 'बोरे मीने मेझोनोत' (धान्याच्या पदार्थांवरची बेराखा) आणि खाल्ल्यावर 'बोरे नेफाशोत' सांगितलंय. पण मलिद्याचे पोहे चुलीवर चढतच नाहीत, भिजवून नारळ-साखर घालतो. मात्र पोहे बनवताना भात (साळ) गरम पाण्यात भिजवून, भाजून मगच चपटा करतात. ते शिजवणं धरायचं का? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं, प्रत्येकाचं उत्तर वेगळं. मलिद्याआधी पाव-चपाती नसते, म्हणून 'हामोत्सी'त (पावावरच्या बेराखेत) भागत नाही. खजूर सगळेच भरपूर खातात, त्यामुळे शेवटी 'अल हाएत्स' (खजुरासारखी फळं खाल्ल्यावरची बेराखा) आहेच. जाणकारांनी कृपया आधारासह सांगावं: पोह्यांवर मेझोनोत की हाअदामा (जमिनीतल्या पिकांवरची बेराखा), आणि शेवटी बोरे नेफाशोत वेगळं म्हणायचं का?