मदत हवी आहे: तळ खचत चाललेल्या ओढ्याचं डिझाइन कसं करू?

नमस्कार मंडळी, एका ओढ्याच्या दुरुस्तीचा प्लॅन करतोय आणि अडकलोय. पूर्वी कधीतरी तो सरळ करून टाकलेला, त्यामुळे लांबी घटली, उतार वाढला आणि आता तळ खचत चाललाय, त्यातली एक उभी पायरी दर पुरात वरच्या बाजूला सरकतेय आणि तिच्या मागे दोन्ही काठ उभेच्या उभे कोसळतायत. काठाला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) कर असं बरेच जण सांगतात, पण तळच खाली जात असेल तर पिचिंगचा पाया उघडा पडून सगळं ओढ्यात येणार ना? म्हणून आधी तळ धरायचा, काठ नंतर, हे माझं पक्कं आहे.

अडचण बँकफुल डिस्चार्जची, म्हणजे पात्र काठोकाठ भरून पाणी शेजारच्या सपाट पूरमैदानावर पसरायच्या बेतात असतं तेव्हाच्या प्रवाहाची; पात्राचं माप त्यावरून ठरवायचंय. साधारण १ ते २ वर्षांत एकदा येणारा पूर धरतात, पण इथे प्रवाह मोजणारं गेजच नाही आणि खचलेल्या ओढ्यात काठाची वरची कड म्हणजे बँकफुल नव्हे, जुनं पूरमैदान तर केव्हाच वर राहिलंय. मग आत नव्याने साठणाऱ्या गाळाच्या सपाट पट्ट्यांवरून लेव्हल घ्यायची का? की जवळच्या स्थिर ओढ्याची रुंदी-खोली मोजून पाणलोटाच्या क्षेत्रफळाशी ताळा करायचा?

आणि मुख्य प्रश्न, तळ उचलून जुन्या पूरमैदानाला जोडू की खालच्याच पातळीला नवं पूरमैदान खोदू? उचलला तर वरच्या बाजूला पुराची पातळी वाढेल ही भीती, खोदलं तर माती प्रचंड. कुणी प्रत्यक्ष केलंय का? आधी काय तपासलंत ते प्लीज सविस्तर लिहा.